झाड तोडले, बुडख्याचे काय?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या बंगल्याच्या मागच्या अंगणातला गुलमोहर आम्ही रीतसर परवानगी घेऊन तोडला, त्याला या जूनमध्ये दोन वर्षे होतील. त्याचा बुडखा मात्र गेल्या डिसेंबरपर्यंत जागचा हलला नव्हता. या दीड वर्षात त्या बुडख्यापायी जे उपद्व्याप केले आणि जे पैसे घालवले, त्यावरून मला एक गोष्ट पक्की पटली आहे. बुडखा हा वृक्षतोडीच्या कामाचाच भाग आहे आणि तो परवानगीच्या कागदात, ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात आणि आपल्या डोक्यात झाडावर करवत चालण्यापूर्वीच आला पाहिजे. झाडे तोडावीत की तोडू नयेत यावर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. तोडल्यानंतर जमिनीत जे उरते त्याविषयी क्वचितच कोणी लिहितो, म्हणून हा पत्रप्रपंच. मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता होतो, झाडांचा जाणकार नव्हे, हे आधीच सांगतो.

पानशेतच्या पुरानंतर, म्हणजे १९६१ नंतर, सहकारनगर परिसरात ज्या गृहनिर्माण सोसायट्या उभ्या राहिल्या त्यांपैकी एका सोसायटीत आम्ही राहतो. १९८२ साली वडिलांनी मागच्या कुंपणभिंतीपासून जेमतेम सहा फुटांवर गुलमोहराचे रोप लावले आणि त्याभोवती काळ्या दगडांचे आळे केले. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. वाढायला वेगवान, सावलीला उदार, लाकडाला मऊ आणि मुळांनी उथळ. त्यातून तळजाई-पर्वतीच्या उतारालगतच्या आमच्या जमिनीत दीड-दोन फुटांखाली मुरूम लागतो, त्यामुळे मुळांना खाली जाण्यापेक्षा आडवे पसरणे सोयीचे झाले. भिंतीला पहिला तडा गेला तेव्हा आम्ही तो सिमेंटने बुजवला. शहाबादी फरशी उचलली गेली तेव्हा ती काढून पुन्हा बसवली. पण बुंध्याशी तपकिरी, लाकडासारखी टणक अळंबी दिसू लागली आणि खोडावर हातोडा मारला की पोकळ आवाज येऊ लागला, तेव्हा मात्र शेजारच्यांच्या छपराकडे पाहून आम्ही अर्ज केला.

राज्यात शहरी भागातील झाडांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे आणि त्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांत झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे हेही येते, त्यामुळे स्वतःच्या अंगणातले, स्वतःच्या बापाने लावलेले झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. हे योग्यच आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात आणखी दोन गोष्टी घातल्या: पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड ‘हेरिटेज’ मानले जाते, आणि तोडलेल्या झाडाचे अंदाजे वय जितके वर्षे, तितकी नवी झाडे लावून ती जगवायची असतात. आमच्या गुलमोहराचे वय चाळीसच्या घरात धरले गेले. तेवढी झाडे तीन गुंठ्यांच्या जागेत लावणे अशक्य होते. बहुतेक सोसायटीच्या मोकळ्या जागेत गेली आणि तीन आमच्या अंगणात यायची ठरली. ती लावायची कुठे, हा प्रश्न झाड पडल्यावर पडला, कारण अंगणाची उन्हाची, मोकळी, पाण्याच्या नळाजवळची एकमेव जागा बुडख्याने अडवलेली होती. परवानगीपत्रात झाडाची जात, घेर, संख्या, नव्या रोपांची अट, सारे काही होते. बुडख्याबद्दल एक शब्द नव्हता.

ठेकेदाराच्या कागदावरही तो नव्हता. दोरखंड, चेन-सॉ आणि पाच माणसे घेऊन त्याने दीड दिवसात झाड उतरवले, आणि ते काम त्याने खरोखर कौतुकास्पद केले. एक कौलसुद्धा फुटले नाही. ओंडके टेम्पोत भरून वखारीकडे गेले, पाला गेला, आणि अंगणात दीड फूट उंच, तीन फूट व्यासाचा, तळाशी पंख्यासारख्या मुळांनी पाच फुटांपर्यंत फाकलेला बुडखा राहिला. मी विचारले, तर म्हणाला, “साहेब, जमिनीच्या वरचं काम आपलं. खालचं वेगळं.” वेगळे म्हणजे किती, तर झाड उतरवण्याच्या मजुरीच्या निम्म्याहून जास्त, आणि तेही दिवाळीनंतर बघू. त्याचा मला राग आला नाही, कारण त्याच्या बाजूने ते बरोबरच होते. लाकूड विकता येते, बुडखा विकता येत नाही. मातीत रुतलेल्या, खडे गिळलेल्या लाकडावर चेन-सॉ चालवली तर साखळीची धार दोन मिनिटांत जाते, हे मला नंतर कळले. चूक माझी होती: जमिनीखालचे काम कामाच्या व्याप्तीत लिहून घ्यायचे असते, हे आयुष्यभर इतरांना सांगितलेल्या माणसाने स्वतःच्या अंगणात ते लिहून घेतले नाही.

यानंतर सल्ल्यांचा काळ सुरू झाला. बुडखा घरात असला की पुण्यात प्रत्येक जण वनस्पतिशास्त्रज्ञ होतो. कोणी म्हणाले, भोके पाडून खडे मीठ भरा. कोणी मोरचूद सांगितले, कोणी अ‍ॅसिड, कोणी रॉकेल घालून पेटवून द्या म्हणाले. मिठाचा सल्ला इतका सर्रास दिला जातो, की त्यावर दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. लाकूड कुजते ते बुरशीमुळे, आणि बुरशीला ओलावा लागतो. लोणच्यात मीठ कशासाठी घालतात हे ज्या घरात माहीत आहे, त्या घरातल्या माणसाने बुडखा कुजवण्यासाठी मीठ घालू नये. मिठाने फुटवे मरतील, पण कुजण्याचे काम मंदावेल आणि पावसात ते मीठ झिरपून शेजारच्या मोगऱ्याला आणि लिंबाला भोवेल. पेटवणे तर त्याहून वाईट. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी पाच हजार, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली, हा एक भाग झाला. पण खरा धोका असा, की कोरड्या बुडख्यातली धग मुळांच्या वाटेने जमिनीखाली सरकत राहते आणि वर राख दिसत असताना भिंतीच्या पायाशी किंवा शेजारच्या आवारात धुमसू शकते.

पहिल्या पावसाळ्यानंतर, जमीन मऊ असताना, मी हाताने खोदून बुडखा काढायचे ठरवले. दोन मजूर आले. टिकाव, पहार, घण, पाचरी आणि कुऱ्हाड एवढी त्यांची आयुधे. पहिल्या दिवशी भोवतीने चर खणून आडवी मुळे उघडी पडली आणि मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी मांडीएवढे एक मूळ तोडताना कुऱ्हाडीचा घाव मुळाच्या पलीकडे गेला आणि चिनी मातीचा जुना सांडपाण्याचा पाइप फुटला. त्या मुळाने पाइपाच्या सांध्यातून आत केसांसारखी जाळी सोडली होती. म्हणजे पाइप आज ना उद्या तुंबणारच होता, पण तो तुंबणे वेगळे आणि ऐन दिवाळीच्या आठवड्यात अंगणात सांडपाणी येणे वेगळे. प्लंबर, नवा पीव्हीसी पाइप, चेंबरची डागडुजी, असा खर्च वाढत गेला आणि बुडखा तसाच, फक्त आता खड्ड्याच्या मधोमध किल्ल्यासारखा उभा.

जेसीबी आणावा, असेही सुचवले गेले. जवळच्याच एका सोसायटीत तसे केले होते, म्हणून आधी तिथे जाऊन पाहिले. बुडखा निघाला होता खरा, पण त्याच्या मुळांनी धरलेला दगडी कुंपणभिंतीचा पायाही त्याच्याबरोबर उचलला गेला होता आणि दहा-बारा फूट भिंत नव्याने बांधावी लागली होती. मोकळ्या प्लॉटवर जेसीबी उत्तम; भिंतीपासून सहा फुटांवर नाही. शिवाय आमचे मागचे फाटक साडेतीन फुटांचे आहे, त्यामुळे हा वाद तिथेच मिटला.

शेवटी एका बागकाम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून स्टम्प ग्राइंडर चालवणाऱ्या तरुणाचा पत्ता लागला. हे यंत्र आपल्याकडे अजून फारसे दिसत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दिसायला तो पॉवर टिलरचा धाकटा भाऊ: दोन चाके, पेट्रोलचे इंजिन, लांब दांडे, आणि पुढे उभी फिरणारी जाड पोलादी चकती, जिच्या कडेला टंगस्टन कार्बाइडचे दाते बसवलेले असतात. ही चकती बुडखा कापत नाही. खवणीवर नारळ खवावा तशी ती त्याला खवते. चालवणारा यंत्र डावीकडून उजवीकडे झुलवतो, एका फेरीत अंगठ्याएवढा थर काढतो, मग चकती थोडी खाली घेतो आणि पुन्हा झुलवतो. असे करत बुडखा जमिनीच्या पातळीला येतो आणि मग त्याच्या खालीही जातो. मोठ्या यंत्रांत हे झुलवणे हायड्रॉलिकवर चालते आणि ती ओढून आणावी लागतात. पण घराच्या अंगणासाठी साडेतीन फुटांच्या फाटकातून येणारे हे लहान यंत्रच कामाचे.

यंत्र चालू करण्याआधी त्या तरुणाने मला दोन प्रश्न विचारले आणि त्या दोन्ही प्रश्नांसाठी मी त्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले. पहिला प्रश्न होता, “काका, पुढे इथे काय करायचंय?” कारण किती खोल खवायचे ते त्यावर ठरते. नुसते ठेच लागू नये एवढेच हवे असेल, तर जमिनीलगत केले तरी चालते. वर हिरवळ किंवा फुलझाडे लावायची तर निदान सहा इंच खाली जावे लागते. फरशी घालायची किंवा पुन्हा झाड लावायचे तर एक फूट किंवा जमेल तितके अधिक. ‘बुडखा काढून देऊ’ या शब्दांत यातले काहीच नसते, आणि खोली इंचांत लिहून न घेता हे काम देणारा माणूस पुढे भांडणार हे ठरलेले. दुसरा प्रश्न होता, “यात कधी लोखंड ठोकलंय का?” मी ठामपणे नाही म्हणालो.

फुटलेल्या पाइपाचा धडा ताजा असल्यामुळे आदल्या दिवशी मी अंगणात फक्की मारून ठेवली होती: सांडपाण्याची नवी लाइन, पिण्याच्या पाण्याची लाइन, पंपाकडे जाणारी वीजतार आणि कुंपणभिंतीच्या कडेने आलेला गॅसचा पाइप. जुन्या बंगल्यांचे मंजूर नकाशे असतात, पण त्यात नंतर चाळीस वर्षांत पुरलेल्या गोष्टी नसतात. त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि जुन्या प्लंबरलाच ठाऊक असतात. हे काम करवणाऱ्या प्रत्येकाने त्यांना आधी विचारावे. तरुणाने तीन बाजूंना प्लायवूडचे तक्ते उभे केले, डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर टोप्या चढवल्या आणि आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात जायला सांगितले. का, ते दहाच मिनिटांत समजले: मुळात अडकलेला एक खडा चकतीने उडवला आणि प्लायवूडवर फटाक्यासारखा आवाज झाला.

दुसऱ्या तासाला मात्र निराळाच आवाज आला, ठिणग्या उडाल्या आणि त्याने इंजिन बंद केले. लाकडाच्या आत, बाहेरून तीन-चार बोटे खोल, एक लोखंडी आकडा होता. कपडे वाळत घालण्याची दोरी बांधायला तो वडिलांनीच कधीतरी ठोकला असणार. झाड वाढत गेले आणि त्याने तो गिळून टाकला. त्याखाली वडिलांच्या आळ्यातले दोन काळे दगड मुळांनी असे कवटाळले होते, की ते पहारीने फोडून काढावे लागले. यंत्राचा एक दाता गेला होता. त्याचे पैसे मी भरले, कारण ‘नाही’ मी म्हणालो होतो. पुढच्या वेळी लोखंड शोधायचे साधे डिटेक्टर फिरवून घेईन. एकूण साडेतीन तासांत काम झाले आणि चौदा इंच खोल, स्वच्छ कडांचा खड्डा तयार झाला.

मग भुश्याचा डोंगर राहिला. सिमेंटची एक गोणी म्हणजे सव्वा घनफूट, हे आमच्या धंद्यातले जुने गणित. त्या मापाने अडतीस गोण्या भरल्या, म्हणजे साडेसत्तेचाळीस घनफूट. अखंड लाकूड ढलप्या होऊन मोकळे झाले की दुप्पट-तिप्पट जागा व्यापते, आणि त्यात मातीही मिसळलेली असते. बागेचा कचरा स्वतःच्या आवारात वेगळा साठवावा आणि स्थानिक संस्था सांगेल त्याप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच सांगितले होते. त्यामुळे या गोण्या रात्री नाल्याकाठी नेऊन टाकण्याचा जो सल्ला मिळाला तो मी मानला नाही. पण त्याऐवजी जे केले तेही शहाणपणाचे नव्हते. अर्धा भुसा त्याच खड्ड्यात लोटला, वर चार घमेली माती टाकली आणि त्यावर बकुळीचे रोप लावले. फेब्रुवारीत त्याची पाने पिवळी पडली, मार्चमध्ये रोप एका बाजूला कलले. दोन्हींचे कारण एकच. ताजा लाकडी भुसा मातीत मिसळला की तो कुजवणारे सूक्ष्मजीव आपल्या पोटासाठी मातीतला नत्र ओढून घेतात आणि रोप उपाशी राहते. आणि भुसा जसजसा कुजतो तसतशी जमीन खचते. खड्ड्यातला भुसा उपसून टाकून, तिथे चांगली माती आणि शेणखत भरून, नवे झाड जुन्या बुडख्यापासून चार-पाच फूट बाजूला लावणे, हा सरळ मार्ग होता. तोच भुसा झाडांच्या आळ्यांत वरवर पसरला तर उत्तम आच्छादन होते, कारण मातीत न मिसळल्यामुळे तो मुळांचा नत्र पळवत नाही. उरलेल्या एकोणीस गोण्या आता सोसायटीच्या बागेत तशाच पसरल्या आहेत आणि उन्हाळ्यात पाण्याची एक पाळी वाचली, असे माळीबुवा सांगतात. बकुळ मी काढून बाजूला लावली आहे. या पावसात ती धरेल असे वाटते.

इथवर वाचून हे यंत्र प्रत्येक अंगणात फिरवावे असे कोणाला वाटले असेल, तर तसे माझे मत नाही. ज्याला घाई नाही, ज्याचा बुडखा घरापासून आणि वाटेपासून दूर आहे, त्याने तो मातीने झाकून ओला ठेवावा. गुलमोहरासारखे मऊ लाकूड काही वर्षांत आपोआप भुसभुशीत होते आणि तोवर त्यात सापसुरळ्या राहतात. आमच्यातही एक होती. घराच्या भिंतीलगतच्या बुडख्याला मात्र वाळवीच्या भीतीने अशी सवलत देऊ नये, विशेषतः दारे-खिडक्यांच्या चौकटी सागवानी नसून साध्या लाकडाच्या असतील तर. जातीचाही विचार हवा. सुबाभूळ, गिरिपुष्प, निलगिरी यांचे बुडखे पुन्हा पुन्हा फुटतात, तिथे खवून टाकणे उपयोगी पडते. पण बुचाचे फुटवे बुडख्यापासून लांब पसरलेल्या मुळांवरही येतात, त्यामुळे बुडखा खवला तरी वर्षभर ते उपटत राहावे लागते. भिंतीच्या सांध्यात उगवलेल्या पिंपळावर हे यंत्र निरुपयोगी आहे. आणि कडुनिंबासारख्या चांगल्या देशी झाडाचा बुडखा जोमाने फुटत असेल आणि जागा अडचणीची नसेल, तर तो फुटू द्यावा. रुजलेल्या मुळांवरचा फुटवा नर्सरीतल्या रोपाच्या कितीतरी पुढे धावतो.

आता या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बुडखा हा पुरावा आहे. झाड कोणते होते, घेर किती होता, ते खरोखर पोकळ होते की भक्कम, हे झाड गेल्यावर फक्त बुडखा सांगतो. नव्या रोपांची संख्या झाडाच्या वयावर ठरते आणि पन्नाशी ओलांडलेल्या झाडाची वर्गवारीच बदलते. अशा वेळी पंचेचाळीस आणि पंचावन्न यांतला फरक मोजण्याचे शेवटचे साधन जमिनीत उभे असते. सागासारख्या झाडात वार्षिक वलये स्वच्छ दिसतात. गुलमोहरात ती तितकी भरवशाची नसतात, तरी घेर आणि आतली कूज तर दिसतेच. अंगणातले निरोगी झाड एखाद्या सुट्टीच्या दिवशी पाडून त्याच दुपारी बुडखा खवून वर हिरवळ अंथरली, तर सोमवारी तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याकडे दाखवायला काय उरेल? लाकडी भुसा. पुण्याच्या जुन्या बंगल्यांच्या जागी इमारती ज्या वेगाने उभ्या राहत आहेत, तो पाहता ही शंका अगदीच आगाऊ नाही. पुनर्विकासात तळघरासाठी खोदाई झाली की बुडख्यासह अंगणच जाते, हा भाग निराळा.

म्हणून माझी विनंती अशी, की वृक्षतोडीच्या परवानगीच्या नमुन्यात बुडख्यासाठी एक रकाना असावा. बुडखा ठेवायचा की काढायचा, काढायचा तर कोणत्या पद्धतीने, आणि त्याआधी मोजपट्टी लावून घेतलेले छायाचित्र व तोडीनंतरची पाहणी झाली आहे का, एवढे त्यात आले तरी पुरे. पाहणी होईपर्यंत बुडख्याला हात लावू नये आणि पाहणी ठरावीक दिवसांत व्हावी. नाहीतर दिवाळीनंतर बघू म्हणणारे दोन होतील. ज्या अर्जात फक्त फांद्यांचा विस्तार कमी करण्याची परवानगी आहे, तिथे बुडख्याचा प्रश्नच उद्भवत नाही, हेही नमुन्यात स्पष्ट छापलेले असावे, कारण छाटणीच्या परवानगीवर झाड संपवण्याची युक्ती काही नवी नाही.

दुसरी विनंती महापालिकेच्या उद्यान विभागाला आणि सोसायट्यांना मिळून. या कामात यंत्र चालवण्याचा खर्च कमी आणि ते आणण्या-नेण्याचा खर्च जास्त असतो, असे त्या तरुणाने मला हिशेब मांडून दाखवले. मग एक यंत्र विभागाने ठेवून, पाण्याच्या टँकरसारखे ठरलेल्या शुल्कात, परवानगी आणि पाहणी झालेल्या अंगणांत दिवस लावून फिरवले, तर नागरिकाचे पैसे वाचतील आणि बेकायदा तोडीसाठी खासगी यंत्र मागवणाऱ्याला वेगळे ओळखणेही सोपे होईल. वादळात पडलेल्या झाडांचे पदपथावरचे बुडखे, ज्यांना वळसा घालून ज्येष्ठ नागरिकांना रस्त्यावर उतरावे लागते, तेही त्याच यंत्राने निघतील. तोवर सोसायट्यांनी आपापसांत जमवावे. आमच्या गल्लीत फिरून मी मोजदाद केली, तर परवानगीने तोडलेल्या झाडांचे आणखी पाच बुडखे निघाले. त्यांपैकी एक ज्यांच्याकडे आहे त्या आजींनी तो तुळशीची कुंडी ठेवण्यासाठी राखायचे ठरवले आहे, आणि उरलेल्या चौघांनी जमीन कोरडी झाल्यावर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एकाच दिवशी यंत्र बोलावण्याचे कबूल केले आहे. खोली किती इंच, भुसा कोण नेणार, दाता तुटल्यास कोणाचे पैसे, हे चौघांकडूनही आधी लिहून घेतले आहे, आणि कोणी कुठे काय ठोकले होते याची चौकशी सध्या सुरू आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, सहकारनगर, पुणे